रंग कुठे धरला

नमुन्याचं वर्णन

बोराएवढी गाठ. एका अंगाला पिवळी चरबी. वरच्या टोकाला काळ्या दोऱ्याचा टाका.

असं मी रोज लिहिते. बेलापूरच्या एका लॅबमध्ये मी तंत्रज्ञ आहे. दिवसाला तीस-पस्तीस तुकडे माझ्या हाताखालून जातात. मी नावं वाचत नाही, नंबर वाचते. या डबीवर नंबर नव्हता. निळ्या शाईत, फळ्यावर लिहावं तशा सरळ रेषेत लिहिलं होतं:

सौ. आनंदीबाई. मु. नागाव, ता. अलिबाग.
डावा स्तन.
द्रावण: मीठ (संपृक्त). तुरटी एक चमचा.

रुग्णाशी नातं

हा रकाना आमच्या फॉर्मवर नाही.

कशात ठेवला

छापील पर्याय तीन: फॉर्मॅलिन, सलाइन, इतर. ‘इतर’पुढे करंगळीएवढी जागा. त्या जागेत पुढचं मावत नाही.

शुक्रवारी दुपारी एक वाजता अलिबागच्या एका लहान दवाखान्यात आईची गाठ काढली. नर्सबाईंनी ती प्लॅस्टिकच्या डबीत घातली, वर फॉर्मॅलिन ओतलं आणि डबी माझ्या वडिलांच्या, बापूंच्या, हातात दिली. लॅबला पोचवा म्हणाल्या. आमच्याकडे असंच चालतं. तुकडा पेशंटच्या माणसानेच न्यायचा. झाकण तडकलेलं होतं, ते आक्षीच्या पुलापर्यंत कुणाला कळलं नाही.

रिक्षा शिवदासची. शिवदास बापूंचा विद्यार्थी, सातवीत दोनदा बसलेला. आईला जागेवरच भूल देऊन मोकळं केलं होतं, ती पट्टी सांभाळत बापूंशेजारी बसली होती. हे सगळं तिनेच मला सांगितलं, तिच्या पद्धतीने.

“सर, काय तरी गलतंय. डोल्याला झोंबतंय.”

“गाडी चालव.”

“सर, तुमचा लेंगा भिजला.”

“शिवदास, पुढे बघ. पुढे बघायला तुला सातवीतही जमलं नाही.”

“अहो,” आई म्हणाली, “माझंच आहे ते. सांडू नका.”

घरी पोचले तेव्हा डबीत पाण्याचा टिपूस नव्हता. गाठ तळाला चिकटलेली. बापूंनी मला दोनदा फोन केला. लॅबमध्ये आमचे फोन कपाटात ठेवावे लागतात; रात्री मी उलट केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, सगळं नीट आहे, शनिवारी तुमचं काउंटर बंद, सोमवारी आणतो. त्यांनी दवाखान्यात केला. डॉक्टर गेले, सोमवारी या.

मग त्यांनी ते केलं जे त्यांना येत होतं.

बापूंनी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. प्रयोगशाळेला दर वर्षी फॉर्मॅलिन मंजूर व्हायचं, आलं कधीच नाही. म्हणून त्यांनी स्वतःचं द्रावण बसवलं. पेणचं खडं मीठ, पाण्यात विरघळायचं थांबेपर्यंत. चमचाभर तुरटी. उकळायचं, गार करायचं, आईच्या जुन्या पातळाच्या चार पदरांतून गाळायचं. त्यात समुद्रसाप, तारामासा, माकूळ, चिंबोरीचं पिल्लू. कोळीणी त्यांच्यासाठी वेगळं काढून ठेवायच्या. बरण्या अजून शाळेत आहेत, मीही त्याच बघत शिकले. फक्त बोंबील टिकला नाही. आठ दिवसांत पाण्याचं दूध झालं. बापूंनी बरणी फेकली नाही, तीवर चिठ्ठी लावली: ‘येथे बोंबील होता.’

तर त्या संध्याकाळी त्यांनी द्रावण उकळलं, गार केलं, गाळलं. आईची गाठ त्यात सोडली. घट्ट फिरकीच्या झाकणाची नवी डबी. लेबल.

काढल्यापासून लॅबला पोचेपर्यंतचा वेळ

सत्तर तास.

“एक थेंब गळला नाही,” सोमवारी लॅबच्या काउंटरवर बापू म्हणाले. इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट. “एसटीत मांडीवरून खाली ठेवली नाही.”

“कशात आहे, बापू?”

“लेबल वाच. लेबल कशाला असतं?”

मी झाकण फिरवलं. फॉर्मॅलिन असलं की नाकात सुई शिरते, डोळे भरतात, दहा वर्षांनीही भरतात. यातून काही आलं नाही. खाराच्या आंब्यांची बरणी उघडल्यावर येतो तसा थोडा वास. गाठ सुंदर दिसत होती. घट्ट, पांढरट, आखडलेली. तारामाशासारखी.

“बघ,” बापू म्हणाले. “कशी राहिलीये.”

“चहा घेणार?” मी विचारलं.

‘कशात ठेवला’ हा रकाना मी कोराच ठेवला.

काय शोधायचं आहे

आईचा रोग लिव्हरमध्ये आणि मणक्यात पोचल्यावर छातीतली ही गाठ तिच्या हाताला लागली. उलट्या क्रमाने. हृदयाची एक झडप तिची लहानपणापासून निकामी, त्यामुळे केमोचं नावही काढू नका, असं पनवेलच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. लिव्हरला सुई घालायची नाही, रक्त थांबणार नाही. मणक्याला घालायची तर ती पालथी झोपू शकत नाही. जे काही कळायचं ते या बोराएवढ्या गाठीतून.

गाठीच्या पेशींत एक प्रथिन असतं किंवा नसतं. ते असेल आणि योग्य जागी असेल, तर रोज एक गोळी. साधी, पांढरी. काही बायका त्या गोळीवर पाच-पाच वर्षं काढतात. आईसाठी एवढं एकच दार होतं.

नुसतं असून भागत नाही, कुठे आहे ते बघावं लागतं. हे मी बापूंना फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच मला परत शिकवलं, आधी मी त्यांना सांगितलंच नव्हतं अशा थाटात.

“आपलं नागावचं आवार घे. कुंपण, ते प्रद्रव्यपटल. मधली वाडी, पोफळी, नारळ, विहीर, ते पेशीद्रव्य. आणि घर, ते केंद्रक. बरोबर?”

“बरोबर.”

“प्रथिन घरात सापडलं, तर गोळी.”

“हो.”

“कुंपणावर सापडलं, तर?”

“ते दुसरं प्रथिन, बापू. त्याचं इंजेक्शन वेगळं. ते आईच्या हृदयाला झेपायचं नाही.”

“मग ते सोड. आपलं प्रथिन घरात नाही, नुसतं वाडीत फिरतंय. तर?”

“तर काही नाही. ते धरत नाहीत.”

“नाही धरत.” बापू म्हणाले. “वाडीत असून नाही धरत. अजब आहे.”

रंग कुठे धरला (पहिली स्लाइड)

मेणात बसवलेल्या तुकड्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. त्याचा काप कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ काढायचा, काचेवर घ्यायचा, उकळायचा, औषध घालायचं. प्रथिन जिथे असेल तिथे तपकिरी रंग धरतो. बाकी सगळं निळं. त्याच काचेच्या कोपऱ्यात दुसऱ्या एखाद्या बाईचा तुकडा लावतात, जिच्या गाठीत प्रथिन आहे हे आधीच माहीत असतं. तिथे रंग आला की कळतं, औषध ठीक होतं.

आईच्या काचेवरची ती बाई कोण, मला माहीत नाही. तिची सगळी केंद्रकं तपकिरी होती, भाजलेल्या शेंगदाण्यांसारखी, हजारोंनी. गोळी तिला लागू पडली असणार. मी त्या कोपऱ्यात गरजेपेक्षा जास्त वेळ थांबले. मग काच सरकवली.

आईच्या पेशी आखडलेल्या, एकमेकींपासून सुटलेल्या. केंद्रकं फिकट निळी, कोरी. आणि त्यांच्याभोवती, सगळीकडे, पातळ चहा सांडल्यासारखा तपकिरी.

आमच्या रिपोर्टवर जागृती मॅडमची सही असते. त्यांनी स्लाइड पाहिली, मान वर केली.

“शेजारच्या निरोगी नळ्या बघितल्यास?”

गाठीच्या कडेला स्तनातल्या दुधाच्या चांगल्या नळ्या थोड्या राहिलेल्या असतात. त्यांच्या काही पेशींत तरी हे प्रथिन घरात असतंच. आईच्या नळ्यांतही घरं कोरी होती. बाहेर तोच सांडलेला चहा.

“ही वाचायची नाही,” मॅडम म्हणाल्या. “चांगल्या पेशींतही जागेवर नाही, म्हणजे गाठीचं काय बोलणार? कशात होता हा तुकडा? फॉर्मवर का नाही लिहिलंस?”

मी सांगितलं.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “मीठ,” त्या म्हणाल्या. “एवढ्या मिठात हे प्रथिन केंद्रकातून सुटून बाहेर येऊ शकतं. आलंच असेल असं नाही. पण आता ते इथे पेशीने ठेवलंय की मिठाने, हे कोण सांगणार? शिक्षक आहेत ना गं तुझे वडील?”

“विज्ञानाचे,” मी म्हटलं.

कळवलं का, कोणाला, कधी

रविवारी. नागावला. पुढच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, त्या महिनाभर बंद होत्या, पडवीतल्या पाहुण्यांच्या खुर्च्या एकीवर एक रचलेल्या. त्यांतली एक काढून बापू बसले. आई झोपाळ्यावर आडवी, पायाने भिंतीला टेकू देऊन.

मी सगळं सांगितलं. बापूंनी ऐकून घेतलं. मग उठले, चप्पल न घालता वाडीत गेले आणि मोटरच्या खोलीपाशी उभे राहिले. मोटर सुरू केली नाही. तासाभराने आले, जेवले नाहीत.

“तुमच्या त्या बरणीत मलाच ठेवायचं होतं,” आई म्हणाली. “समुद्रसापाशेजारी. एकतीस वर्षं टिकले असते.”

“आई, गप्प बस.”

“मी गप्प बसले तर या घरात आवाज कुणाचा येणार? त्यांचा?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या तयारीत होते, तर बापू दाढी करून, चष्मा पुसून, माझं बारावीचं जीवशास्त्राचं पुस्तक घेऊन आले. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, आईला रात्रीत काहीतरी बरं झालंय.

“मीठ काय करतं?” त्यांनी विचारलं.

“बापू, माझी एसटी—”

“मीठ काय करतं, भार्गवी? सांग.”

“बाहेर ओढतं.”

“बाहेर ओढतं! कैरीतलं पाणी बाहेर. पेशीतलं पाणी बाहेर. तुझ्या मॅडमच म्हणाल्या, प्रथिनही बाहेर. बाहेर ओढायला आधी आत असावं लागतं की नाही? वाडीत सापडलंय म्हणजे घरातून निघालंय. मीच काढलं ते. ही सरळ माझी चूक आहे. शंभर टक्के माझी.”

ते हसत होते.

“एवढ्या आनंदाने चूक कबूल करताना,” आई झोपाळ्यावरून म्हणाली, “लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पहिल्यांदा बघतेय.”

“काही गाठींत ते मुळातच बाहेर असतं, बापू. मीठ नसतानाही. काहींत तर तो नुसता रंगाचा डाग असतो, प्रथिन नसतंच.”

“काहींत. सगळ्यांत नाही ना? मग ही त्यातली कशावरून? तू माझी चूक मान्य का करत नाहीस?”

मी मान्य केली. पनवेलच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, गोळी अंदाजाने सुरू करू, दुसरं आहे काय हातात? लागू पडेल की नाही ते सांगू शकत नाही. तुमच्या लॅबमध्ये आणखी काही कळलं तर कळवा.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी, देवापाशी दिवा लागला की, बापू पाकिटातून गोळी काढायचे, अर्धा पेला कोमट पाणी घ्यायचे आणि आईसमोर उभे राहायचे. “उघड,” म्हणायचे. शाळेत पोलिओचा डोस द्यायचे तेव्हाही असंच म्हणायचे.

काप

गाठीचे तीन ब्लॉक केले होते. दोन पातीखाली चुरा झाले. उरला एक, चरबीच्या बाजूचा.

कल्पना बापूंची. “चरबीतून पाणी हळू शिरतं. तिकडे आत कुठेतरी मीठ पोचलं नसेल. तिथे बघ. खोल जा.”

कल्पना चुकीची नव्हती. जागृती मॅडम म्हणाल्या, शनिवारी दुपारी मशीन रिकामं असतं, दोन-तीन स्लाइडी लाव. पण जपून. एका मिलिमीटरात अडीचशे काप बसतात. या ब्लॉकमध्ये अडीच मिलिमीटर आहेत. शोधायचं तर कापावं लागणार, आणि कापलेलं परत लागत नाही.

काप २०. सांडलेला चहा. नळ्या कोऱ्या.

काप ११०. तसंच.

काप ११२. रंग दोन मिनिटं जास्त ठेवून बघितला. सगळंच तपकिरी झालं, काचसुद्धा. ही स्लाइड मी मॅडमना दाखवली नाही. बापूंना फोटो पाठवला. का पाठवला, माहीत नाही. त्यांनी दोन बोटांनी मोठा करून मोजलं. “मला घरात एकवीस दिसतायत!” मी सांगितलं, ती माझी चूक आहे. ते म्हणाले, तुझी कशी, माझी.

काप २६०. आईचे डोळे पिवळे झाले. फोनवर तिनेच सांगितलं: “हळदीला आले बघ मी.” मासे शिजताना वासाने तिला घरात थांबवत नाही, म्हणून बापूंनी मासे बंद केले. नागावात राहून. शिवदासने आणून दिलेले बांगडेसुद्धा त्यांनी परत पाठवले. “सर, बाय लवकर बरी होऊ दे, मंग खावा,” तो म्हणाला म्हणे.

काप २६१. काही नाही.

काप ३९०. कोपऱ्यातल्या बाईचे शेंगदाणे नेहमीसारखे. त्या बाईचा मला राग येऊ लागलाय. तिला जाऊन सहा वर्षं झाली असतील किंवा ती कुठेतरी नातवाला शाळेत सोडत असेल.

काप ४७०. चरबी वाढली, गाठ कमी झाली. पेशी जरा कमी आखडलेल्या. बापूंना सांगितलं. सांगायला नको होतं. त्यांनी आईला सांगितलं, आईने शिरा मागितला, दोन घास खाल्ले आणि ओकली.

काप ४७१. तोच.

शनिवार चौथा. मशीनवर ब्लॉक लावला तेव्हा मेणामागचं प्लॅस्टिक दिसत होतं. चाक फिरवताना आवाज बदलतो, ते हाताला आधी कळतं. मी एक-एक काप पाण्यावर उचलला. पुढे नुसतं मेण आलं. पांढरं, आरपार.

काप ५९२. शेवटचा.

रंग कुठे धरला (शेवटची स्लाइड)

डाव्या कडेला, चरबीत बुडालेली, एक निरोगी नळी. आधीच्या कुठल्याच कापात ती नव्हती. आडवी कापली गेल्यामुळे बांगडीसारखी गोल. बांगडीत वीसेक पेशी. त्यांतल्या सात पेशींची केंद्रकं तपकिरी. भोवताली स्वच्छ. सांडलेलं काही नाही. जे जिथे असायला हवं ते तिथे होतं.

माझ्या आईच्या अंगात एक जागा अशी होती जिथे मीठ पोचलं नव्हतं. मी काच सरकवली. अर्ध्या मिलिमीटरवर गाठ सुरू होत होती. तिच्या पेशीही इथे नीट होत्या, भरलेल्या, जिवंत असताना असतील तशा.

त्यांची केंद्रकं निळी होती.

जागृती मॅडमनी पाचशे पेशी मोजल्या. मशीनसारख्या, ओठ हलवत. मग पुन्हा पाचशे.

“शून्य,” त्या म्हणाल्या.

“बाहेर थोडा आहे, मॅडम. त्या डाव्या घोळक्यात.”

“बाहेरचा धरत नाहीत. तुला मी सांगू?”

“मिठामुळे कदाचित—”

“भार्गवी.” त्यांनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. “ही नळी बघ. नीट राहिलीये. रंग घरच्या घरी आहे. हिच्याइतकीच ती गाठ नीट राहिलीये. हिला मीठ लागलं नाही आणि शेजारणीला लागलं, असं मी कुठल्या तोंडाने लिहू? तुझ्या वडिलांच्या मिठाने काही बिघडलं नव्हतं. इथे प्रथिन जागेवर नव्हतंच.”

‘घरच्या घरी’ त्या सहज म्हणाल्या. आमच्या आवाराबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं.

निष्कर्ष

बापू विहिरीपाशी सुपाऱ्या वाळत घालत होते. उकिडवे बसून, एकेक वळवत. दुपारचे चार. मी बोटीने मांडव्याला उतरून आले होते. वाटेत वाक्य जुळवलं होतं, चांगलं वाक्य वाटलं होतं. महिनाभर हा माणूस स्वतःला दोषी म्हणतोय, त्याला मोकळं करायचं, निदान तेवढं तरी माझ्या हातात आहे.

“बापू, तुमची चूक नव्हती.”

त्यांनी वर पाहिलं नाही.

“शेवटच्या कापात एक निरोगी नळी सापडली. तिच्यात रंग बरोबर धरलाय. घरात. म्हणजे तिथे मीठ गेलं नव्हतं.”

सुपारी त्यांच्या हातात राहिली. शिक्षक होते. पुढचं मला बोलावं लागलं नाही.

“म्हणजे तपासणी ग्राह्य,” ते म्हणाले.

“हो.”

“आणि गाठीत?”

“नाही.”

“किती बघितल्या?”

“हजार.”

“एकही नाही?”

“घरात कुणी नाही, बापू.”

त्यांनी सुपारी खाली ठेवली, पुन्हा उचलली, दुसऱ्या रांगेत ठेवली. “एकच नळी ना पण? एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो. मी मुलांना हेच सांगायचो. अजून काप काढ.”

“ब्लॉक संपला.”

“म्हणजे?”

“म्हणजे उरलं नाही काही. मेण आहे.”

तेव्हा ते वर बघायला लागले. माझ्याकडे नाही, माझ्या मागे, पोफळींकडे. त्यांचा चेहरा मी त्या पहिल्या रविवारीही पाहिला होता, चूक कळली तेव्हाचा. तो याच्यापुढे बरा होता.

“तू असं करायला नको होतंस,” ते म्हणाले.

“काय?”

“माझी चूक होती ती. राहू द्यायची होतीस. मी काय मागत होतो तुझ्याकडे? एवढंच ना? माझी चूक माझ्याकडे राहू दे.”

“बापू, रिपोर्ट—”

“रिपोर्ट खरा आहे. मी खोटा म्हणतोय का?” ते उठायला गेले, मी हात दिला तो त्यांनी घेतला नाही. “रिपोर्ट खरा आहे, गो. मला कळतं.”

आतून आईचा आवाज आला. बारीक झाला होता, तरी पडवी ओलांडून येत होता.

“काय ठरलं शेवटी? कुणाची चूक निघाली?”

मी तोंड उघडलं. बापूंनी हाताने मला थांबवलं, वर्गात थांबवायचे तसं.

“माझीच,” ते मोठ्याने म्हणाले. “माझीच निघाली.”

झोपाळ्याची कडी एकदा वाजली.

“मग बरं,” आई म्हणाली.

तिला कळलं होतं का, मी सांगू शकत नाही. ती स्लाइड मला वाचता आली नाही.

शेरा

त्या संध्याकाळी दिवा लागल्यावर बापूंनी पाकीट काढलं. शेवटच्या सहा गोळ्या होत्या. एक फोडली, अर्धा पेला कोमट पाणी घेतलं, आईसमोर उभे राहिले.

“उघड.”

आईने उघडलं. जीभ पिवळी होती. गिळायला तिला तीन घोट लागले. गिळली, आणि मग नेहमीप्रमाणे तोंड उघडून दाखवलं, गिळल्याचं.

“भार्गवी,” बापू म्हणाले, “उद्या जाण्याआधी अलिबागहून आणखी दोन पाकिटं आणून ठेव.”

मी आणली. औषधवाल्याने विचारलं, लागू पडतेय का? मी हो म्हटलं.

आई पौषात गेली. आदल्या संध्याकाळपर्यंत गोळी चालू होती.

ब्लॉकची विल्हेवाट

नियमाप्रमाणे जपून ठेवायचा किंवा नातेवाइकांनी मागितल्यास द्यायचा. या ब्लॉकमध्ये तुकडा शिल्लक नाही, फक्त मेण.

नातेवाइकांनी मागितला. दिला.

शाळेच्या सुट्टीत बापूंनी तो तिथल्या प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवला, बोंबलाच्या बरणीशेजारी. त्यावर लेबल लावलं नाही.